डावीकडून तिसरं बटण

शुक्रवारी पहाटे पावणेपाचला पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात कोणीतरी बसलेलं. दिवा नाही, आवाज नाही. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसली मावशी. स्टुलावर, शाल लपेटून, हात मांडीवर ठेवून, बस स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तशी.

"अगं, अंधारात काय करतेस?"

"काही नाही रे. जाग आली. बटण कुठलं ते कळेना. हॉलमध्ये लेकरं झोपलीयेत, चुकून तिकडचं लागलं तर उठतील. म्हटलं बसू आपलं."

"कधीपासून?"

"झाला असेल तासभर."

"मग चहा तरी करून घ्यायचास."

"तुमची शेगडी काचेची. बटण फिरवून पाहिलं, पेटेना. उगाच गॅस सुटायचा म्हणून सोडून दिलं."

आमच्या शेगडीचं बटण आधी आत दाबावं लागतं आणि मग फिरवावं लागतं. हे मला इतकं अंगवळणी पडलंय, की कोणाला सांगावं लागेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. दिव्यांचं तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या दाराशी सहा बटणांचा बोर्ड आहे आणि त्यातली दोन बटणं हॉलची आहेत. का, ते वायरिंग करणारालाच ठाऊक. मावशीने धोका पत्करला नाही. बहात्तर वर्षांची बाई तासभर अंधारात बसून राहिली, पण आम्हाला उठवलं नाही.

आणि हे कुणाच्या घरी? तर ज्याने पाहुण्यांसाठी महिनाभर आधी एक्सेल शीट बनवली होती, त्याच्या.

त्या शीटबद्दल सांगायलाच हवं. शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. सगळ्यांना एकदमच बोलवावं असं मी ठरवलं आणि ठरवताना बायकोला जेमतेम विचारलं. मावशी आणि काका, धाकटी बहीण, तिचा नवरा, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांचं बाळ, माझा कॉलेजातला मित्र, त्याची बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा. नऊ पाहुणे. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि तेरा वर्षांची मुलगी. एकूण बारा. दोन बेडरूम, एक हॉल, दोन बाथरूम. गुरुवारी रात्री सगळे येणार, रविवारी संध्याकाळी जाणार.

शीटमध्ये नऊ जेवणं होती. नाश्ता, दुपार, रात्र गुणिले तीन. प्रत्येकापुढे काय करायचं, काय आणायचं, आदल्या रात्री काय चिरून ठेवायचं. रंगसुद्धा दिले होते. बायकोने ती पाहिली आणि एवढंच म्हणाली, "मोहिमेवर निघालायस का?" मग जरा वेळाने, "झोपायचं कुठे लिहिलंयस?"

झोपायचं मी लिहिलं होतं. कुटुंबानुसार. वडीलधाऱ्यांना मोठी बेडरूम, बहिणीच्या कुटुंबाला छोटी, मित्राच्या कुटुंबाला हॉल आणि आम्ही उरलेल्या जागेत, म्हणजे हॉलच्याच दुसऱ्या टोकाला. गुरुवारी रात्री अकराला बहिणीच्या मुलीने "मला दादाबरोबर झोपायचंय" म्हणून मित्राच्या मुलाशेजारी गादी ओढली आणि पहिल्याच रात्री एक खाना चुकला. तेव्हा सगळे हसलो. पण मावशी बटण दाबायला घाबरली ती त्या मुलांमुळेच.

पहाटे मी तिला चहा करून दिला. शेगडी कशी पेटवायची ते दाखवलं, तिने दोनदा करून पाहिलं. झोप लागली नाही का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नव्या जागेत पहिल्या रात्री लागतच नाही मला. उद्या लागेल." हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं होतं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीक आवाजालाही तो लवकर दाद देतो, पहाऱ्यावर असल्यासारखा. पुढच्या वेळी त्याच जागी झोपवलं तर हा फरक नाहीसा होतो. म्हणजे पाहुण्यांची पहिली रात्र वाईट जाणार हे धरूनच चालावं. गादी कितीही मऊ घाला.

पण खरी फजिती उजाडल्यावर झाली.

साडेसहाला काका आंघोळीला गेले. पावणेसातला मित्र. दोन बाथरूम, दोघांत १५-१५ लिटरचे गीझर. दोघे बाहेर आले तोवर बहिणीचा नवरा टॉवेल खांद्यावर टाकून उभा आणि छोट्या बेडरूमच्या दारात मित्राची बायको. तिने आत जाऊन नळ सोडला आणि एका मिनिटात दार उघडून अगदी हळू आवाजात माझ्या बायकोला विचारलं, "गरम पाण्याचा नळ डावीकडचाच ना?" डावीकडचाच होता. त्यात गरम पाणीच नव्हतं.

सात ते नऊ हे दोन तास मी विसरणार नाही. नाश्ता तयार, टेबल मांडलेलं, आणि खायला कोणी नाही. कारण निम्मे लोक आंघोळीच्या रांगेत आणि निम्मे "आंघोळ झाल्याशिवाय काही खात नाही" म्हणून बसलेले. मुलगी आणि मित्राचा मुलगा संडासाच्या दारासमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर. बाळ रडतंय. बहीण बाळाची बाटली गरम पाण्यात धरायला स्वयंपाकघरात आलेली, आणि तिथे तीन माणसं आधीच एकमेकांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत उभी. माझी रंगीत शीट फ्रिजवर चुंबकाने लावलेली. तिच्यात सकाळी सात ते नऊसमोर लिहिलं होतं: "नाश्ता".

दुपारी मुलीला घेऊन बसलो. तिला शाळेत उष्णतेचा धडा नुकताच झाला होता, म्हणून मीच विचारलं की हिशेब कर बघू. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं, म्हणजे ४० अंश वाढ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. १५ गुणिले ४० गुणिले ४.२, म्हणजे २,५२० किलोज्यूल. गीझर २ किलोवॅटचा, म्हणजे सेकंदाला २ किलोज्यूल. आलं १,२६० सेकंद. एकवीस मिनिटं. टाकीतून आणि नळ्यांतून जी उष्णता जाते ती धरली की पंचवीस म्हणायला हरकत नाही.

आता ६० अंशांचं पाणी काही कोणी अंगावर घेत नाही. त्यात तेवढंच गार मिसळलं की ४० अंशांचं, अंगाला बरं वाटणारं ३० लिटर होतं. शॉवर मिनिटाला ९ लिटर सोडत असेल तर हे पुरतं सव्वातीन मिनिटं. खरं तर तेवढंही नाही. कारण गीझरमधून गरम पाणी वरून बाहेर पडतं तसं खालून गार आत शिरतं, आणि शेवटचं पाणी कोमटच येतं. बाळ सोडून अकरा माणसं, एका बाथरूमला सहा धरली, तर प्रत्येकाला ऊन पाणी हवं असल्यास सहा गुणिले पंचवीस. अडीच तास.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे तू गुरुवारी का नाही केलंस?"

कारण मी जेवणांचा यजमान होतो. पाहुणे म्हटले की माझ्या डोक्यात ताटं येतात. पण पाहुणे राहायला येतात तेव्हा ते दिवसातून दोन-तीन तास जेवतात आणि उरलेला वेळ घर वापरतात. त्यातली संध्याकाळ आपोआप निभते, सगळे एका जागी गप्पा मारत असतात. सकाळी मात्र प्रत्येकाला एकाच वेळी तेच हवं असतं आणि प्रत्येक जण सभ्यपणे गप्प असतो.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी हा हिशेब सगळ्यांसमोर ठेवला. जरा अवघडूनच. पाहुण्यांना आंघोळीचं वेळापत्रक द्यायचं म्हणजे काय! पण झालं भलतंच. मित्र म्हणाला, "लेका, मी घरी रात्रीच करतो आंघोळ. इथे सकाळी केली ती तुझ्या घरच्या शिस्तीला घाबरून." बहिणीचा नवरासुद्धा रात्रीवाला निघाला. मुलांना रात्री घालणं तर सोयीचंच. पाच मिनिटांत सकाळच्या रांगेत सहाच माणसं उरली. गरम पाणी तेवढंच, गीझर तेच. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

मग बायकोने झोपण्याची व्यवस्था मोडली. तिचं म्हणणं सोपं होतं. कोण कोणाचं कोण आहे हे बघून नको झोपवायला, कोण किती वाजता उठतं हे बघून झोपवायचं. मावशी-काका पाचला उठतात, त्यांना स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी खोली. बहीण बाळासाठी रात्री दोनदा उठते, तिला मोठी, कारण तिला जोडून बाथरूम आहे आणि दार लावून दिवा लावता येतो. उशिरापर्यंत लोळणारी सगळी, म्हणजे तीन मुलं, मित्र, त्याची बायको आणि मी, हॉलच्या खिडकीकडच्या टोकाला. आणि बायको स्वतः? ती मुलांच्या आणि दाराच्या मधे, "वाहतूक नियंत्रणाला". बहिणीच्या नवऱ्याच्या घोरण्याची वेगळी चर्चा झाली. ती इथे लिहीत नाही, घरातलं माणूस आहे. हॉलच्या खिडक्या मात्र रात्रभर उघड्या ठेवाव्या लागल्या. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडत असतो. गप्पा मारत बारा जण हॉलमध्ये बसलो होतो, म्हणजे सव्वा किलोवॅटचा हीटर लावून बसल्यासारखंच. झोपेत ती कमी होते, पण सात माणसं म्हणजे सात माणसं.

त्याच रात्री मुलीने चिकटपट्टीचे तुकडे कापले आणि लेबलं लावली. बोर्डावर डावीकडून तिसऱ्या बटणाखाली "स्वयंपाकघर". हॉलच्या दोन बटणांखाली "हे नको". शेगडीपाशी "आधी दाबा, मग फिरवा". फ्लशपाशी "छोटं बटण ३ लिटर, मोठं ६". गीझरपाशी "लाल दिवा विझला की पाणी तयार". मित्राच्या मुलाने वायफायचा पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून दाराशी टांगला आणि खाली स्वतःची सही केली. मला घर जरा सरकारी कचेरीसारखं दिसायला लागलंय असं वाटलं. बायको म्हणाली, दिसू दे.

शनिवारी पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो नव्हतो, पण जाग आली. स्वयंपाकघरात उजेड होता. कप ठेवल्याचा आवाज आला. मावशी आणि काका हळू आवाजात कशावर तरी वाद घालत होते. मी कूस बदलली.

आता एक गोष्ट, जी थोडक्यात निभावली आणि जिची मला अजून लाज वाटते. मित्राच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मला माहीत होतं. शीटमध्ये लाल रंगात होतं. शेंगदाणे घातलेला एकही पदार्थ केला नव्हता, आणि मी त्या लाल खान्यावर खूश होतो. शनिवारी दुपारी सहज पाहिलं तर मित्राची बायको ओट्यापाशी उभी राहून आमच्या डब्यांवरची, पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत होती. एकेक उचलून, वाचून, जागच्या जागी. मी आत गेल्यावर पटकन ठेवलं तिने. "सवय हो," म्हणाली. मग बोलण्यातून कळलं की गुरुवारपासून ती प्रत्येक जेवणाआधी हे करत होती, आणि शुक्रवारी नाश्त्याला मुलाला दिलेली बिस्किटं तिने हळूच बदलून स्वतःच्या पिशवीतली दिली होती. आमच्या पाकिटावर "शेंगदाण्याचा अंश असू शकतो" असं छापलेलं होतं. मी पदार्थ टाळले होते, पाकीट वाचलं नव्हतं. ज्याला तीव्र ॲलर्जी असते त्याला अंशही पुरतो. एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात गेला तरी.

तिने हे मला का सांगितलं नाही? मावशी जशी अंधारात बसली, तशीच ही पाकिटं वाचत राहिली. यजमानाने एवढं केलंय, त्यात अजून काय खोट काढायची. मी तिला म्हटलं, की आता मीच तुमच्यासमोर सगळी पाकिटं वाचतो. अर्धा तास लागला. चार पाकिटं आणि एक बरणी बाजूला निघाली. वरच्या कप्प्यात एक रिकामी जागा करून त्याचं खाणं, त्याचा चमचा, त्याची वाटी तिथे ठेवली आणि इतरांना तिथे हात लावायला बंदी केली. रविवारी जेवताना पहिल्यांदा ती आपलं ताट सोडून मुलाच्या ताटाकडे बघत नव्हती.

जेवणांची शीटही पूर्णपणे वाया गेली असं नाही, पण तिला एक धडा मिळाला. शनिवारी दुपारी मोठं पातेलं भरून भाताचा पदार्थ केला, तिसरा हिस्सा उरला. फ्रिज गच्च होता. नंतर बघू म्हणून पातेलं शेगडीवरच ठेवलं आणि सगळे फिरायला गेलो. आलो तेव्हा सात वाजून गेले होते. पाच तास. काका म्हणाले, "चांगलं खळखळून तापवून घे, काय होतंय?" होतं. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणूनच शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असं सांगतात. भातात तर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात, नंतर वाढतात आणि विष सोडतात. ते विष परत उकळून जात नाही. पातेलं रिकामं केलं. काकांना ते अजिबात आवडलं नाही. अन्न टाकताना मलाही बरं वाटलं नाही, पण घरात नऊ महिन्यांचं बाळ आणि सत्तरीची दोन माणसं असताना धाडस कोण करणार.

त्या रात्रीपासून उरलेलं लगेच पसरट भांड्यांत काढायचं ठरलं, दोन बोटांच्या थराहून जास्त नाही. खोल पातेलं मधोमध तासन्‌तास गरम राहतं, पसरट भांडं लवकर निवतं. मग ते फ्रिजमध्ये. आणि फ्रिजमध्ये जागा व्हावी म्हणून सगळी पेयं आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून बर्फ घातलेल्या एका टबात. ही युक्ती बहिणीची. तिचा दुहेरी फायदा झाला. बारा माणसं दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडत होती ती फक्त गार पाण्यासाठी, आणि दार उघडलं की थंडावा बाहेर. टब हॉलमध्ये गेल्यावर फ्रिज मोकळा श्वास घ्यायला लागला.

मदतीचं एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी दिवसभर प्रत्येक जण "काही मदत करू का?" विचारत होता आणि मी प्रत्येकाला "छे छे, बसा हो" म्हणत होतो. हे "बसा हो" तोंडातून आपोआप येतं, शिंकेनंतर रुमाल यावा तसं. परिणाम असा की संध्याकाळपर्यंत सगळे बसून बसून कंटाळले होते आणि मी भांडी घासत रडवेला झालो होतो. त्यात बहीण उठून भांड्यांना हात लावायला आली तर मी तिला चक्क ओरडलो. ती म्हणाली, "दादा, मी पाहुणी नाहीये तुझी," आणि बाळाला घेऊन आत गेली. तासभर बोलली नाही.

बायकोने शनिवारी ते बदललं. तिचा नियम असा, की मदत मागायची नाही, काम द्यायचं. तेही असं, की ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. "स्वयंपाकात हात लावा" म्हटलं की पाच माणसं ओट्याभोवती उभी राहतात आणि एक काम होत नाही. पण "काका, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या तुमच्याकडे" म्हटलं तर? काकांनी रविवारपर्यंत ते खातं असं सांभाळलं, की बाटली अर्धी पिऊन ठेवणाऱ्याला समज मिळायची. रात्री झोपण्यापूर्वी ते बाटल्या मोजायचे. मित्राकडे रात्री गाद्या घालणं आणि सकाळी उचलणं. बहिणीच्या नवऱ्याकडे चार्जिंग. बारा माणसांत अकरा फोन आणि हॉलमध्ये तीन मोकळी सॉकेट, हा भांडणाचा विषय त्याने एक एक्स्टेंशन बोर्ड आणि कडक आवाज यांच्या जोरावर मिटवला. भांडी बहिणीकडे. मी पुसत होतो. त्या वेळी आमचं जे बोलणं झालं ते गेल्या दोन वर्षांत झालं नव्हतं. आईच्या आजारपणात कोणी काय केलं, काय केलं नाही. समोरासमोर बसून ते बोलणं जमलं नसतं. दोघांची तोंडं भिंतीकडे होती, हातात काम होतं.

रविवारी सकाळी आठला मोठ्या बाथरूमचा संडास तुंबला.

कोणीतरी ओले वाइप्स टाकले होते. बाळाचे असतील, किंवा नसतीलही. कोणी कबूल केलं नाही आणि आम्हीही चौकशी समिती नेमली नाही. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळून सुटा होतो, वाइप्स होत नाहीत. त्यांत बहुतेकदा प्लॅस्टिकचे धागे असतात, ते वळणावर जाऊन अडकतात आणि मागून येणारं सगळं अडवतात. पहिली चूक मीच केली. पुन्हा फ्लश ओढला. पाणी काठापर्यंत चढलं आणि मी श्वास रोखून उभा. सुदैवाने तिथेच थांबलं. मित्राने मला बाहेर काढलं, लाकडी दांड्याचा रबरी पंप मागितला, बाही वर केली. उकळतं पाणी ओतू का विचारलं तर म्हणाला, "नको, भांड्याला तडा जाईल. कोमट चालेल." वीस मिनिटं खटपट केल्यावर गुडगुड झालं आणि पाणी उतरलं. तेवढा वेळ बारा माणसांना एकच संडास. पण आंघोळीच्या रांगेचा बंदोबस्त झालेला असल्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. हे शुक्रवारी घडलं असतं तर मी घर सोडून गेलो असतो. मुलीने लगेच लेबल लावलं: "यात फक्त कागद. बाकी डब्यात." आणि झाकणाचा एक डबाही ठेवला, जो गुरुवारीच ठेवायला हवा होता. टाकायला दुसरी जागाच नसेल तर माणूस काय करणार?

संध्याकाळी पाचला निघायची गडबड. एकाचा चार्जर, एकाची चप्पल, बाळाचा मोजा. निघताना मावशीने माझ्या हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाली, "दोन रात्री छान झोपले हो." पहिल्या रात्रीचा उल्लेख तिनेही केला नाही, मीही नाही.

सगळे गेल्यावर घर एकदम मोठं झालं. बायको सोफ्यावर आडवी पडली आणि म्हणाली, आता आठवडाभर मला कोणी काही विचारू नका. मी सहा चादरी, नऊ टॉवेल आणि एक अनोळखी उशीचा अभ्रा मोजला. तो कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही. मशीन चार वेळा लावलं. सोमवारी कामावर गेलो तेव्हा कंबर धरली होती. लांब सुट्टीनंतर यजमानाला एक सुट्टी मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. शक्य असेल तर घ्याच.

लेबलं आम्ही काढणार होतो. बाकीची काढलीही. बोर्डावरची चिकटपट्टी मात्र घट्ट बसली होती, नखाने खरवडली तर रंग निघायला लागला, म्हणून राहिली. येणारे-जाणारे विचारतात, "हे नको" म्हणजे काय?

गेल्या महिन्यात मावशी एकटीच दोन दिवसांसाठी आली होती, डोळे तपासायला. पहिल्या पहाटे मला जाग आली ती बटणाच्या टक आवाजाने. दाराखालून उजेडाची पट्टी आली. मग शेगडीचं बटण आत दाबल्याचा आवाज, एकदा, दोनदा, आणि भप्पकन पेटल्याचा. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी पांघरूण डोक्यावर ओढलं.